क्षमेची किंमत कोण भरतो?

शास्त्रभाग : लेवीय १६, इब्री लोकांस पत्र ९:११–२८, फिलेमोनास पत्र



उपवासकाळातील एका रविवारी इंदूर येथील आमच्या शब्बाथ शाळेत मी मधल्या वर्गाला वधस्तंभाचा पाठ शिकवीत होतो. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि खेळताना दोन्हींची मिसळ, अशी आमच्या इकडच्या मुलांची भाषा. पाठ नेहमीप्रमाणे झाला. आपण पापी आहोत, पापाची शिक्षा मरण आहे, प्रभू येशूने ती शिक्षा आपल्याऐवजी सोसली, असे मी सांगितले. मुलांनी वचन पाठ म्हणून दाखविले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने हात वर केला.

“सर, माझ्याकडून चूक झाली तर पप्पा मला माफ करतात. तेव्हा ते दुसऱ्या कोणाला मारत नाहीत. मग देवाने आपल्याला माफ करायला येशूला का मारलं?”

मी त्याला उत्तर दिले. देव न्यायी आहे, पाप असेच सोडून देता येत नाही, रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही, असे काहीसे बोललो. मुलगा गप्प बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसले. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गातही हा प्रश्न कधी ना कधी कोणी विचारला असेल. आणि ज्या वर्गात तो कोणी विचारला नाही, तेथेही एखाद्याच्या मनात तो नक्कीच आला असेल. म्हणून तो आपण टाळू नये.

त्या आठवड्यात मी पवित्र शास्त्र पुन्हा उघडले आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाचा अध्याय सावकाश वाचला. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, मुख्य याजक अहरोन परमपवित्रस्थानात जाई. तो आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पी, कारण याजकही पापीच. मग दोन बकरे आणले जात. त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकीत. एकाचा वध होई आणि त्याचे रक्त दयासनावर व त्याच्यासमोर शिंपडले जाई. दुसऱ्याच्या मस्तकावर याजक आपले दोन्ही हात ठेवी, सर्व इस्राएलाची पापे मोठ्याने कबूल करी आणि त्या बकऱ्याला रानात सोडून देण्यात येई. लोकांच्या डोळ्यांदेखत तो दूर दूर जाई आणि दिसेनासा होई.

या विधीत दोन गोष्टी शिकविल्या होत्या. पापाने जीव जातो, ही पहिली. पाप उचलून दूर नेले जाते, ही दुसरी. परंतु तिसरी एक गोष्ट आपण बहुधा वाचताना ओलांडून जातो. ती पुढच्याच अध्यायात, लेवीय १७:११ मध्ये आहे. तेथे देव म्हणतो की प्राण्याचा जीव रक्तात असतो, आणि तुमच्या प्रायश्चित्तासाठी ते वेदीवर मीच तुम्हांला दिले आहे. हा “मीच” लक्षात घ्या. रागावलेल्या देवाला शांत करण्यासाठी माणसाने युक्तीने शोधून काढलेली ही लाच नव्हे. प्रायश्चित्ताची तजवीज देव स्वतः करून देतो. ज्याचा अपराध झाला, तोच अपराध्याला परत येण्याची वाट बांधून देतो.

आपल्या शिकविण्यात येथे एक चूक शिरते. आपण नकळत असे चित्र काढतो की पिता कठोर आणि पुत्र दयाळू. पित्याच्या हातात काठी आणि पुत्र मध्ये पडला. पवित्र शास्त्रात असे चित्र नाही. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, यात देवाने स्वतःची प्रीती दाखविली, असे पौल रोमकरांस लिहितो (५:८). देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करीत होता, असे तो करिंथकरांस सांगतो (२ करिंथ ५:१९). आणि प्रभू स्वतः म्हणतो की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, तो मी आपण होऊन देतो (योहान १०:१८). म्हणजे वधस्तंभावर देवाने कोणा तिसऱ्याला धरून शिक्षा केली नाही. देवाने तेथे स्वतः सोसले.

पण सोसावे तरी का लागले? नुसते “जा, क्षमा केली” असे म्हणून भागले नसते काय?

होळकरांच्या या नगरीत बाजाराच्या भाषेत बोलले की गोष्ट लवकर समजते. समजा, एखाद्या दुकानदाराचे एका गिऱ्हाइकाकडे दहा हजार रुपये येणे आहे. गिऱ्हाईक हात जोडून म्हणतो, “शेठ, माझ्याने फिटत नाही.” शेठ दयाळू आहे. तो वहीतील त्या नावावर रेघ मारतो. गिऱ्हाईक मोकळा झाला. परंतु ते दहा हजार रुपये कोठे गेले? ते हवेत विरले नाहीत. शेठने ज्याच्याकडून माल आणला, त्याला शेठने पैसे भरले आहेत. गिऱ्हाइकाच्या पाटीवरचे ओझे शेठच्या खांद्यावर आले, एवढेच झाले. सूट घेणाऱ्याला फुकट मिळते. देणाऱ्याला ती भरावी लागते. कर्ज सोडणे म्हणजे ते आपल्या अंगावर घेणे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील राजाचा दाखला आपण या दृष्टीने क्वचितच वाचतो. त्या दासाचे देणे दहा हजार तालांतांचे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. तेव्हा हिशेब सहा कोटी दिवसांच्या मजुरीवर जातो. दास म्हणतो, थोडे थांबा, सगळे फेडतो. किती जन्मांत फेडणार होता? राजाला त्याची दया आली आणि त्याने ते सोडले. त्या दिवशी राजाच्या खजिन्याला केवढे मोठे भगदाड पडले, याचा विचार दासाने केला नाही. म्हणूनच बाहेर पडताच शंभर दिवसांच्या मजुरीसाठी त्याने सोबतच्या दासाचा गळा धरला. आपल्या क्षमेची किंमत ज्याला कळली नाही, त्याचा हात दुसऱ्याच्या गळ्याशी जातो.

पौलाने फिलेमोनाला लिहिलेले छोटेसे पत्रही पाहा. अनेसिम हा फिलेमोनाचा पळालेला दास. त्याला परत पाठविताना पौल लिहितो की त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तुझे काही देणे असेल, तर ते माझ्या खाती मांड, मी फेडीन. आणि हे तो आपल्या हाताने लिहितो. प्रायश्चित्ताचा सिद्धान्त मोठमोठ्या ग्रंथांतून समजला नाही, तर या दोन ओळींतून समजेल. प्रभूने आपल्याविषयी पित्याजवळ हेच म्हटले, आणि त्याखाली आपल्या रक्ताने सही केली.

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला जवळ बोलाविले आणि विचारले, “पप्पांनी तुला शेवटचं केव्हा माफ केलं?”

तो म्हणाला, “क्रिकेट खेळताना माझ्या चेंडूने शेजारच्या काकांच्या स्कूटरचा आरसा फुटला, तेव्हा.”

“मग काय झालं?”

“पप्पा मला रागावले नाहीत. त्यांनी आरशाचे पैसे दिले. काका खूप ओरडत होते. पप्पांनी त्यांच्यासमोर हात जोडले.”

एवढे बोलून तो थांबला. मीही थांबलो. त्याने कधी बापाचे जोडलेले हात या दृष्टीने पाहिले नव्हते. मी त्याला एवढेच म्हटले, “पप्पांनी कोणाला मारलं नाही, हे खरं. पण तू सुटलास तेव्हा पप्पांना काय सोसावं लागलं, ते तू आता सांगितलंस. येशू म्हणजे आपल्यासाठी देवानं स्वतः सोसणं.”

प्रियहो, मुलाच्या खेळातील अपराधासाठी बापाला खिशातले पैसे आणि चारचौघांतला मान द्यावा लागला. मग जेथे खोटेपणा, व्यभिचार, लोभ, द्वेष आणि रक्तपात आहे, तेथे क्षमा स्वस्तात कशी होईल? बैलांच्या व बकऱ्यांच्या रक्ताने पापे दूर होणे शक्य नाही, असे इब्री लोकांस पत्र स्पष्ट सांगते (१०:४). तेथे आणखी एक सुंदर भेद दाखविला आहे. जुन्या करारातील याजक रोज उभा राहून सेवा करीत असे, कारण त्याचे काम कधी संपत नसे. ख्रिस्ताने पापांसाठी एकच यज्ञ केला आणि तो बसला (१०:११–१२). काम पुरे झालेला मनुष्यच बसतो. त्या यज्ञात भर घालण्यासारखे आता काही उरलेले नाही.

तरीही आपण भर घालू पाहतो. पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) जीवन या बाबतीत आपल्याला शिकविते. त्यांचे आईवडील पुण्यसंचयासाठी वर्षानुवर्षे तीर्थांमागून तीर्थे फिरले. उपास, व्रते, दानधर्म यांत जवळचे सर्व संपले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचा अंत झाला. त्या माणसांचा त्याग खरा होता. त्याला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांनी स्वतःच्या साक्षीत प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. पापांची क्षमा ही आपण मिळविण्याची वस्तू नसून ख्रिस्ताने मिळवून ठेवलेली आहे, ही खात्री त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. बाप्तिस्मा घेतलेल्या, शास्त्र जाणणाऱ्या, इतकी सेवा करणाऱ्या स्त्रीला आठ वर्षे लागली! मग वर्गणी वेळेवर दिली, पंच कमिटीत वर्षे काढली, रविवार चुकविला नाही, एवढ्यावर आपला हिशेब मिटला असे समजणाऱ्या आपणांस किती लागतील?

आता आपल्या इंदूरच्या जवळचीच एक घटना सांगतो. देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे सिस्टर राणी मारिया नावाची एक रोमन कॅथॉलिक धर्मभगिनी काम करीत होती. ती मूळची केरळची. भूमिहीन आदिवासी लोकांनी सावकाराच्या पाशातून सुटावे, बँकेचे कर्ज, सरकारी योजना आणि आपले हक्क त्यांना मिळावे, यासाठी ती झटत असे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये समंदरसिंग नावाच्या तरुणाने इतर उतारूंसमोर तिच्यावर सुरीने वार केले. तिला खाली ओढून पुन्हा वार केले. तिचे वय त्या वेळी ४१ होते. तिच्या कामामुळे ज्यांचे हितसंबंध दुखावले होते, अशांनी आपल्याला चिथविले, असे त्या तरुणाने पुढे सांगितले.

त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात प्रथम त्याच्या मनात सूडच होता. ज्यांनी आपल्याला पुढे करून अंग काढून घेतले, त्यांना बाहेर पडल्यावर पाहून घ्यायचे, असा त्याचा निश्चय होता. अशा मनुष्याला भेटायला २००२ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेच्या दिवसांत, मृत भगिनीची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी तुरुंगात गेली. तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली आणि त्याला भाऊ म्हटले. कोणत्या हाताला? ज्या हाताने तिची बहीण मारली, त्याच्या हाताला! पुढे त्यांच्या आईनेही त्याला क्षमा केली आणि त्याच्या सुटकेला घरच्या लोकांनी पाठिंबा दिला. २००६ मध्ये तो सुटला. नंतर तो केरळात त्या आईवडिलांच्या घरी जाऊन आला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी रोमन मंडळीने इंदूर येथे राणी मारियाला ‘धन्य’ घोषित केले.

आपण प्रॉटेस्टंट लोक संतांकडे मध्यस्थी मागत नाही. येथेही एक गोष्ट नीट समजून घ्यावी. राणी मारियाच्या रक्ताने समंदरसिंगाच्या पापाचे प्रायश्चित्त झाले नाही. कोणाही मनुष्याच्या रक्ताने दुसऱ्याचे पाप धुतले जात नाही. ते सामर्थ्य एकाच रक्तात आहे. परंतु सेल्मीने राखी बांधली, त्या क्षणी क्षमेची किंमत कोण भरतो हे सर्वांना दिसले. बहीण परत येणार नव्हती. हक्काचा राग तिच्याजवळ होता. तो तिने खर्च केला नाही, आपल्यातच जिरविला. वधस्तंभावरील प्रभूची प्रार्थना (लूक २३:३४) तिने आधी पुष्कळदा वाचली असेल. त्या दिवशी ती तिला भरून द्यावी लागली. ज्याच्या जिवावर आपण स्वतः सुटलो आहोत, त्याच्याच जिवावर असे देणे भरता येते. नाहीतर कोणाच्या पदरी एवढे असते?

येथे एक इशाराही देतो. क्षमा म्हणजे अपराध झाकणे नव्हे. समंदरसिंगाने तुरुंगात कित्येक वर्षे काढली, आणि कायद्याने आपले काम केले, हे योग्यच झाले. ज्या बहिणीला घरात मार खावा लागतो तिला “क्षमा कर आणि गप्प राहा” असे सांगणे ही सुवार्ता नव्हे. अहरोनाने बकऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून पापे मोठ्याने कबूल केली, मग तो बकरा रानात गेला. आधी पापाला पाप म्हणावे लागते. मगच ते दूर नेता येते.

हे सर्व लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवू शकत नाही. माझ्या थोरल्या भावाने वडिलांची गावाकडची जागा मला न विचारता विकली. त्याला सात वर्षे झाली. सात वर्षांत आमचे बोलणे नाही. पहिल्या नाताळाला त्याचा फोन आला होता. मी उचलला नाही. त्या जागेचे कागद, जुनी पत्रे, माझ्या वाट्याचा आकडा, हे सारे मी एका फायलीत व्यवस्थित लावून कपाटात ठेवले आहे. या सात वर्षांत मी दर महिन्याला प्रभुभोजनाला पुढे गेलो. भाकर घेतली, प्याला घेतला. वेदीपाशी दान नेताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभूने सांगितले आहे (मत्तय ५:२३–२४). ते मला पाठ होते. दुसऱ्यांना मी त्यावर पाठही दिले होते.

त्या मुलाने बापाचे जोडलेले हात मला सांगितले, त्या रात्री मी ती फाईल काढली. आकड्याकडे पुष्कळ वेळ पाहत बसलो. तो आकडा खरा आहे. माझे नुकसान झाले, हेही खरे आहे. पण ते कोणी तरी सोसल्यावाचून आमच्या दोघांतली वाट मोकळी होणार नव्हती, आणि दादा ते सोसेल म्हणून मी सात वर्षे वाट पाहत होतो. मी पत्र लिहिले : “दादा, जागेचे झाले ते मला लागले. पण ते आता माझ्या खाती मांड. फोन उचलला नाही, याची मला क्षमा कर.” पत्र टाकून तीन आठवडे झाले आहेत. उत्तर आलेले नाही. कदाचित येणार नाही. पण फाईल आता माझ्या कपाटात नाही.

शिक्षकांनो, येत्या रविवारी हा पाठ घेताना मुलांना प्रथम एवढेच विचारा : “तुला कोणी माफ केलं, तेव्हा त्याला काय सोसावं लागलं?” उत्तराची घाई करू नका. मुले आईचे रडणे सांगतील, बापाचे पैसे सांगतील, मित्राचे गप्प राहणे सांगतील. तेथून त्यांना हाताला धरून गुलगुथ्यापर्यंत न्या. आणि जाण्यापूर्वी आपल्या घरातील कपाट एकदा उघडून पाहा. आपल्या मंडळीत एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूंना बसणारी भावंडे आहेत, वर्षानुवर्षे एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ न म्हणणारी कुटुंबे आहेत. त्या प्रत्येक घरी कोठे ना कोठे एक फाईल आहे.

प्रार्थना : हे पित्या, आमच्या सुटकेसाठी तुला काय सोसावे लागले, ते आम्ही विसरलो याची क्षमा कर. तुझ्या पुत्राने आमचे देणे आपल्या खाती मांडून घेतले. आता आमच्या भावाचे देणे आमच्या खाती मांडून घेण्याचे बळ आम्हांला दे. त्याच प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.